आधी गव्हाण, मग गाय : घरच्या सामग्रीतून उभारा छोटा कौटुंबिक गोठा



वर्धा जिल्ह्यातील शेती मुख्यत्वे कोरडवाहू आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर या तीन पिकांवर बहुतेक कुटुंबांचा वर्षाचा प्रपंच चालतो. हाती पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे, खर्च मात्र बारा महिने असतो. ही ओढाताण कमी करण्यासाठी जोडधंदा म्हणून पशुपालनाचा सल्ला नेहमी दिला जातो. सल्ला योग्य आहे, परंतु तो अमलात आणताना क्रम बहुधा चुकतो. कर्ज किंवा अनुदान मिळते ते जनावरासाठी. म्हणून जनावर आधी घरी येते आणि चारा, पाणी, सावली यांची सोय मागाहून शोधावी लागते.

याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतलेला आहे. जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले, त्यात वर्धा जिल्हाही होता. पूरक उत्पन्नासाठी दुधाळ जनावरे देण्याची तरतूद त्यात होती. ज्या घरी हिरवा चारा, बारमाही पाणी आणि जवळ दूध घेणारे केंद्र होते तेथे गाय टिकली. जेथे यांपैकी काही नव्हते तेथे संकरित गाईच्या ढेपेचा खर्च दुधाच्या पैशाला भारी पडला आणि आधीच कर्जात असलेल्या घरावर एका तोंडाचा भार वाढला. दोष गाईचा नव्हता आणि शेतकऱ्याचाही नव्हता, क्रमाचा होता.

म्हणून या लेखात जनावर खरेदीच्या आधी घरच्या घरी, आपल्याच हातांनी कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत याची माहिती दिली आहे. साहित्याचे दर गावोगाव व वर्षागणिक बदलतात, म्हणून रुपयांऐवजी माप आणि वजन दिले आहे. आपल्या गावचे दर लावून प्रत्येकाने आपला हिशेब मांडावा.

जनावर कोणते ठेवावे ?

आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांचा डोंगराळ पट्टा हे गवळाऊ गोवंशाचे माहेर आहे. नंदा गवळी समाजाने ही जात पिढ्यान् पिढ्या सांभाळली. गवळाऊचे शासकीय पैदास प्रक्षेत्र कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे आहे. अंगाने हलकी, पायाने चपळ आणि उन्हाला काटक अशी ही जात आहे. दूध एका वेतात सरासरी ६०० लिटरच्या आसपास, म्हणजे संकरित गाईपेक्षा बरेच कमी मिळते. परंतु ती चराईवर आणि कडबा-कुटारावर तग धरते व तिचे गोऱ्हे शेतीकामाला उपयोगी पडतात. पाणी व हिरवा चारा बेताचा असेल तेथे गवळाऊ गाय किंवा नागपुरी म्हैस ठेवावी. ओलित आणि दूध संकलनाची खात्री असेल तरच संकरित गाईचा विचार करावा. भूमिहीन किंवा एक-दोन एकरवाल्या कुटुंबाने बेरारी शेळीपासून सुरुवात करणे अधिक सोयीचे ठरते.

आणखी एक गोष्ट हिशेबात घ्यावी. महाराष्ट्रात २०१५ पासून संपूर्ण गोवंशाच्या कत्तलीस बंदी आहे. भाकड गाय, म्हातारा बैल किंवा नको असलेले गोऱ्हे विकून मोकळे होऊ असे गृहीत धरू नये. जेवढी तोंडे गोठ्यात येतील तेवढ्यांच्या बारमाही चाऱ्याची बेरीज आधी करावी.

पहिले काम : सावली आणि जमीन

वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी जनावर खाणे कमी करते, धाप टाकते आणि दूध आटते. म्हणून गोठ्यावरचा खर्च प्रथम छपरावर करावा, भिंतींवर नव्हे.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत कमी येते. छपराची कमी उंचीची बाजू सुमारे ७ फूट ठेवावी. कवेलूचे छप्पर टिनाच्या छपरापेक्षा थंड राहते. सेवाग्राम आश्रमातील १९३६ सालचे आदिनिवास आणि बापू कुटी माती, लाकूड, बांबू व देशी कवेलूची आहेत. आसपास मिळणाऱ्या साहित्यातून थंड आणि टिकाऊ छप्पर कसे होते हे तेथे जाऊन पाहता येते. टिनाचे छप्पर असेलच तर वरून चुन्याचा हात द्यावा आणि उन्हाळ्यात तुराट्यांचा किंवा गवताचा थर अंथरावा. यासाठी पऱ्हाट्या मात्र वापरू नयेत. पऱ्हाटीवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कापसाचे किती नुकसान केले हे आपणास ठाऊक आहेच.

एका मोठ्या गाईला उभे राहण्यासाठी साडेपाच फूट लांब व चार फूट रुंद जागा लागते. जमीन मुरूम व दगड ठोकून पक्की करावी आणि वरचा भाग खरबरीत ठेवावा, गुळगुळीत फरशीवर जनावर घसरते. मागच्या बाजूस दर दहा फुटांना तीन इंच उतार द्यावा. उताराच्या टोकाला एक फूट रुंद व तीन इंच खोल नाली काढून ती गोमूत्राच्या टाकीकडे न्यावी. पश्चिमेच्या बाजूस गोणपाटाचे पडदे लावून उन्हाळ्यात दुपारी ते ओले करावेत.

गोठ्यातील झाडलोट, शेण काढणे, चारा-पाणी ही कामे बहुतेक घरी स्त्रियाच करतात. म्हणून खुंटे ठोकण्यापूर्वी घरच्या बाईला विचारावे : पाणी कोठून आणावे लागेल, शेणाची पाटी किती पावले न्यावी लागेल, रात्री उजेड कोठे हवा ? दिवसाकाठी दहा खेपा वाचल्या तर वर्षाच्या साडेतीन हजारांवर खेपा वाचतात. हा फायदा वहीत दिसत नाही, पण गोठा चालतो की बंद पडतो हे बऱ्याचदा त्यावरच ठरते.

दुसरे काम : गव्हाण आणि पाण्याचे टाके

जमिनीवर टाकलेला चारा जनावर तुडवते, त्यावर मूत्र पडते आणि तो वाया जातो. गव्हाण बांधणे हा चारा वाचविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. विटा किंवा दगड मातीत रचून आतून सिमेंटचा गिलावा करावा. आतील रुंदी अडीच फूट आणि खोली सव्वा फूट असावी. गव्हाणीचा तळ जनावराच्या उभे राहण्याच्या जागेपेक्षा एक फूट उंच ठेवावा. आतील कोपरे गोल करावेत, म्हणजे शिळा चारा अडकून कुजत नाही.

कडबा अख्खा टाकल्यास जनावर पाने खाते आणि जाड धांडे सोडते. हाताने फिरविण्याच्या कुट्टी यंत्रावर एक इंचाचे तुकडे केल्यास धांडेही खाल्ले जातात. यंत्र वापरात नसताना चाकाला साखळी व कुलूप लावावे. मुलांची बोटे जाण्याचे अपघात या यंत्रावर होतात.

दुभत्या गाईला दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. पिण्याचे टाके छपराखाली बांधावे, आतून चुना लावावा व आठवड्यातून एकदा घासून धुवावे. पाणी रात्रीही जनावराच्या तोंडापुढे असावे.

तिसरे काम : वर्षभराचा चारा

एका गाईला रोज सुमारे ६ किलो वाळलेला चारा धरला तर वर्षाला २२ क्विंटल लागतो. पूर्वी ज्वारीचा कडबा घरचा असे. सोयाबीन वाढल्यावर ज्वारीचे क्षेत्र घटले आणि कडबा विकत घ्यावा लागू लागला. म्हणून सोयाबीन, तूर व हरभऱ्याचे कुटार जपून ठेवावे. दगडांवर बल्ल्या टाकून जमिनीपासून दीड फूट उंच मचाण करावे, वर ताडपत्री किंवा टिन घालावे. चाऱ्याची साठवण गोठ्यापासून व चुलीपासून दूर असावी. भिजून बुरशी आलेले कुटार जनावरास घालू नये, ते खताच्या टाकीत टाकावे.

गव्हाचे काड निकस असते. त्यावर युरियाची प्रक्रिया केल्यास ते अधिक पचते. १०० किलो काडासाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. काडाचा थर पसरून झारीने द्रावण शिंपडावे, तुडवून दाबावे, पुन्हा थर द्यावा. सर्व ढीग प्लॅस्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा. खाऊ घालण्यापूर्वी काड तासभर पसरून वास उडू द्यावा. सुरुवात थोड्यापासून करावी. सहा महिन्यांखालील वासरांना हे काड देऊ नये. युरियाचे द्रावण जनावराच्या तोंडी लागल्यास विषबाधा होते, म्हणून उरलेले द्रावण उघडे ठेवू नये. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या कुटारावर ही प्रक्रिया करण्याची गरज नाही.

हिरव्या चाऱ्यासाठी विहिरीजवळ संकरित नेपियर लावावे. फुले जयवंत हा वाण उपलब्ध आहे. दोन डोळ्यांची कांडी ९० बाय ६० सेंटिमीटर अंतरावर लावावी. पहिली कापणी अडीच ते तीन महिन्यांनी, पुढच्या सहा ते आठ आठवड्यांनी, जमिनीपासून अर्धा फूट ठेवून करावी. ओलित व खत नीट असल्यास गुंठ्याला वर्षात सुमारे एक टन चारा धरावा. एका गाईला रोज १५ ते २० किलो लागतो, म्हणजे गाईमागे सहा ते सात गुंठे. धुऱ्यावर शेवरी, सुबाभूळ व दशरथ घास लावल्यास शेळ्यांची सोय होते. सुबाभूळ मात्र एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक घालू नये. कोवळी किंवा पाण्याच्या ताणावर असलेली ज्वारी फुलोऱ्यापूर्वी चारू नये, तिच्यातील विषाने जनावर काही मिनिटांत दगावू शकते.

आपल्याकडे मार्चनंतर विहिरी खोल जातात आणि नेपियर थांबते. ही तीन महिन्यांची तूट मुरघासाने भरावी. एका गाईला रोज १० किलोप्रमाणे ९० दिवसांना ९०० किलो मुरघास पुरे होते. त्यासाठी सुमारे तीन गुंठे मका लागतो. कणसात दाणा दुधाळ व किंचित घट्ट झाला की मका कापून कुट्टी करावी. पाच फूट लांब, साडेतीन फूट रुंद व तीन फूट खोल खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून ही कुट्टी मावते. खड्डा नको असेल तर २०० लिटरचे स्वच्छ प्लॅस्टिकचे आठ-नऊ ड्रम वापरावेत, औषधाचे ड्रम कधीही वापरू नयेत. अर्ध्या फुटाचा एक थर टाकून पायाने घट्ट दाबावा व मगच दुसरा थर द्यावा. आत हवा राहिली तर मुरघास कुजतो. ४५ दिवसांनंतर तो वापरास तयार होतो. चांगल्या मुरघासाला आंबूस गोड वास येतो.

अझोला हा पूरक चारा म्हणून चांगला आहे, पण आपल्या उन्हाळ्यात उघड्या वाफ्यातील अझोला करपतो. झाडाची किंवा शेडनेटची सावली असेल तरच करावा आणि एप्रिल-मेमध्ये त्यावर विसंबू नये.

घरचे खुराक मिश्रण

विकतच्या खुराकाऐवजी पुढील मिश्रण घरी तयार करता येते. १०० किलोसाठी मका किंवा ज्वारीचा भरडा ३५ किलो, सरकी ढेप ३० किलो, तुरीची चुणी २० किलो, गव्हाचा कोंडा १२ किलो, क्षार मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो घ्यावे. दुभत्या गाईला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो द्यावे. भरपूर हिरवा चारा असल्यास यात कपात करता येते. तूर आणि सरकी आपल्याच शेतातून जाते, ढेप-चुणीच्या रूपाने ती विकत परत येते. डाळ घरी भरडून घेतली तर चुणी घरातच राहते.

चौथे काम : शेण-मूत्राचा पैसा

दूध आटते तेव्हाही गाय शेण देत असते. मोठी गाय दिवसाला सुमारे १० किलो व म्हैस १५ किलो शेण देते. कमी शेणात अधिक खत करण्याची नाडेप पद्धत आपल्याच शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केली. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात.

आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी टाकी ९ इंची भिंतीची बांधावी. विटा मातीत रचून शेवटचे थर सिमेंटमध्ये घ्यावेत. हवा खेळण्यासाठी एकाआड एक थरात दर दोन विटांनंतर ७ इंचांचे छिद्र ठेवावे. टाकी भरण्यास १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १,७५० किलो चाळलेली कोरडी माती व १,५०० ते २,००० लिटर पाणी लागते. कचऱ्याचा सहा इंची थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती असे थर देत जावे. पूर्ण टाकी एक-दोन दिवसांत भरावी, रेंगाळत भरू नये. वरून शेणमातीने लिंपावे व भेगा पडतील तशा बुजवाव्यात. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. शंभर किलो शेण म्हणजे एका गाईचे दहा दिवसांचे शेण. ज्या घरी एकच गाय आहे तेथेही ही पद्धत चालते हे तिचे वैशिष्ट्य आहे.

गोबरगॅससाठी मात्र शेणाचा हिशेब आधी करावा. २ घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण व तेवढेच पाणी लागते. म्हणजे चार-पाच मोठी जनावरे गोठ्यात बांधून असावी लागतात, चरायला जाणाऱ्या जनावराचे अर्धे शेण रानात राहते. एक बैलजोडी व एक गाय असेल तर १ घनमीटरचे संयंत्र पुरे. हे काम स्वतः करू नये, प्रशिक्षित गवंड्याकडूनच करून घ्यावे. संयंत्राच्या खड्ड्यात कोणीही उतरू नये, आतील वायूने जीव जातो.

शेळ्यांसाठी मचाण

पाच शेळ्यांना १० फूट लांब व ५ फूट रुंद मचाण पुरते. बाभळीच्या बल्ल्यांवर जमिनीपासून तीन फूट उंचीवर बांबूच्या पट्ट्या ठोकाव्यात. दोन पट्ट्यांत दीड सेंटिमीटर फट ठेवावी, लेंड्या खाली पडतात व पावसाळ्यात खुरे कोरडी राहतात. करडांच्या कोपऱ्यात फट एक सेंटिमीटरपेक्षा अधिक नको, नाहीतर पाय अडकतो. चढण्यासाठी उतरती फळी लावावी. शेळी खाली पडलेला पाला खात नाही, म्हणून तिच्या खांद्याच्या उंचीवर बांबूची जाळी करून पाला त्यात ठेवावा. दर दोन वर्षांनी बोकड बदलावा, अन्यथा सगोत्र पैदाशीने करडे खुरटतात.

आजारी व नव्या जनावरांची जागा

२०२२ मध्ये लम्पी आजाराची साथ राज्यभर पसरली आणि विदर्भातही जनावरे दगावली. तेव्हापासून गोठ्यापासून वेगळे एक छोटे छप्पर असणे ही चैन राहिलेली नाही. बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे तेथेच बांधावे, त्याचे चारा-पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. पावसाळ्यापूर्वी गुरांना घटसर्प व फऱ्याची, शेळ्यांना आंत्रविषाराची लस द्यावी. लाळ्या खुरकुताची लस वर्षातून दोनदा व लम्पीची पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावी. शेळ्यांना पीपीआर लस विसरू नये.

पहिल्या वर्षाचा कार्यक्रम

१) मार्च ते मे : छप्पर, जमीन, नाली, गव्हाण व पाण्याचे टाके. ही कामे शेतीची कामे सुरू होण्यापूर्वी आटोपावीत.

२) जून-जुलै : नेपियर व धुऱ्यावरची झाडे लावावीत, मुरघासासाठी मका पेरावा.

३) ऑगस्ट-सप्टेंबर : पोळ्याच्या सुमारास नेपियरची पहिली कापणी. मका दुधाळ झाला की मुरघास भरावा.

४) ऑक्टोबर-नोव्हेंबर : सोयाबीनचे कुटार मचाणावर चढवावे, नाडेप टाकी बांधावी.

५) दिवाळीनंतर : साठवलेला चारा मोजावा. पुढच्या जूनपर्यंत पुरत असेल तरच जनावर खरेदी करावे. दूध स्वतः सलग दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ काढून पाहावे.

दुसरे जनावर केव्हा घ्यावे ? गोठ्यात खिळ्याला एक वही टांगून ठेवावी. रोजचे दूध, ढेप, औषध व विकलेले खत तीत लिहावे. पहिल्या जनावराने एक पूर्ण उन्हाळा घरच्या चाऱ्यावर काढला आणि वहीत शिल्लक दिसली, तर दुसऱ्याचा विचार करावा. शिल्लक दिसत नसेल तर दुसरी गाय ती तूट भरून काढणार नाही, ती दुप्पट करील.

जमनालाल बजाज यांनी १९४१ साली वर्ध्याजवळ गोपुरी येथे राहून गोसेवेचे काम हाती घेतले. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक आजही लोक आवडीने नेतात. या जिल्ह्याला गाईच्या दुधाची परंपरा आहे. ती टिकेल ती लहान लहान गोठ्यांतूनच. अधिक मार्गदर्शनासाठी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. यंदाच्या उन्हाळ्यात निदान गव्हाण तरी बांधून घ्यावी. गाय दिवाळीनंतर घेता येईल.